वरच्या सात पट्ट्या

११ जानेवारी

प्रिय भुंग्या,

प्रभूचं नाव घेऊन पत्राला बसले आहे. तू घेत नाहीस, पण माझ्या वाटचं तुलाही पुरेल.

काम निघालं म्हणून लिहिते आहे हे तू ओळखलं असशीलच. आमच्या चर्चमधली पायपेटी आजारी आहे. बाबांनी ती इथे आणून बसवली तेव्हापासून मीच वाजवते. चौतीस वर्षं झाली, कधी तिने कुरकुर केली नाही. पण गेल्या वर्षभरात उजव्या हाताकडच्या वरच्या सात पट्ट्या नुसत्याच खाली-वर होतात, आवाज नाही. आधी अगदी टोकाची गेली, मग तिच्या अलीकडची, मग तिच्या अलीकडची. खालचे सूर भक्कम आहेत, पायाला जाणवतात. भाता नीट भरतो. मग वरच्यांनाच काय धाड भरली? बाबांच्या माघारी पेटीचा डॉक्टर म्हणून तूच उरलास. काय करायचं ते सविस्तर लिही. फोन नको करूस, इथे नुसती खरखर येते.

घाई आहे. मार्चच्या पहिल्या रविवारी पाच चर्चच्या मंडळ्या आमच्याकडे एकत्र उपासनेला येणार आहेत. त्या दिवशी मी गीतं वाजवावीत आणि साक्षही द्यावी अशी पाळकसाहेबांची इच्छा आहे. कोणती साक्ष ते तुला पाठ असेल: दोन वर्षांपूर्वी प्रार्थनेने माझे बंद कान उघडले, तीच. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी कुणी ना कुणी उभं राहून प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगतं. पण माझंच पुन्हा पुन्हा मागतात. मुलं मला "कानवाली आत्या" म्हणतात. तू हसशील. हस.

बाकी बरं आहे. वाचनालयाची नोकरी छान चालली आहे. तिथे कुणी बोलत नाही, हे केवढं सुख. काजबाई तुला आठवते ना? शर्टांच्या कारखान्यात काजं करते, म्हणून सगळे तिला काजबाईच म्हणतात. गाताना माझ्या पेटीशेजारी उभी असते. पुढेमागे कुणी नाही तिला, मला थोरली बहीण मानते. तिला काचबिंदू निघाला आहे. गेल्या रविवारी तिने साक्षीला उभं राहून सांगितलं की डॉक्टरांनी दिलेले थेंब आपण बंद केले. "ताईंच्या कानांना झालं, मग माझ्या डोळ्यांना का नाही?" सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं. घरी आल्यापासून मात्र मन थाऱ्यावर नाही.

पेटीचं लवकर कळव.

तुझी ताई


१८ जानेवारी

ताई,

पत्र मिळालं. मला डिसेंबरभर खोकला होता तेव्हा एक ओळ आली नाही, पेटी खोकली तर दोन पानं आली. असो. पेटी थोरली, मी धाकटा.

पत्राने पेटी दुरुस्त करायची म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. तरी सांगतो. मागची फळी चार स्क्रूंवर आहे, ती काढ. आत प्रत्येक पट्टीसाठी एकेक सूर बसवलेला दिसेल, म्हणजे बोटभर पितळेचा तुकडा आणि त्यात एक पातळ जीभ. टोकाचा सूर चिमट्याने अलगद ओढून काढ. जोर करू नकोस, तुझा हात मला माहीत आहे. मऊ ब्रशने धूळ झटक, फुंकर मार. मग तो दोन ओठांत धरून हळूच हवा ओढ. जिवंत सूर किंचाळतो, मेलेला गप्प राहतो. असे सातही काढून पाहा. जे गप्प राहतील ते कापसात गुंडाळून मला पाठव, नवे घासून देतो. माझ्या मते धूळच असणार. चौतीस वर्षांत तू ती फळी एकदाही उघडली नसशील, पैजेवर सांगतो.

आणि ते थेंबांचं काय? आमच्या शेजारच्या चष्मेवाल्याच्या आईला काचबिंदूच होता. कंटाळा आला म्हणून तिने औषध सोडलं, वर्षभरात भिंत चाचपडत चालायला लागली. तुझ्या काजबाईला सांग, देवाला थेंबांचं वावडं नसेल. तू सांगितलंस तर ऐकेल ती.

तुझा
भुंग्या


२ फेब्रुवारी

प्रिय भुंग्या,

पेटी बरी झाली. तू म्हणालास तेच, धूळ होती. सातही वाजतात. तुला उगाच त्रास दिला.

काजबाईचं तिचं ती पाहील. मी मध्ये पडणं बरं दिसत नाही.

ताई


९ फेब्रुवारी

ताई,

तुझं चार ओळींचं पत्र चार वेळा वाचलं. चाळीस वर्षं पेट्या खोलतो आहे. सात सूर एका फुंकरीसरशी बरे झालेले मी पाहिले नाहीत. मग तुझं पहिलं पत्र पुन्हा काढलं आणि माझीच मला लाज वाटली. धूळ कुठेही बसते. ती टोकापासून ओळीने, एकेक पट्टी खात पुढे सरकत नाही. हे पेटीला होत नाही, ताई. हे आपल्या आजीला झालं होतं.

तुझी आज्ञा मोडून परवा वाचनालयात फोन केला. विचारलं, "किती सूर काढलेस?" तू म्हणालीस, "हो, हो." विचारलं, "काजबाई कशी आहे?" तू म्हणालीस, "मंगळवारी." आणि फोन ठेवलास. खरखर नव्हती, सगळं लख्ख ऐकू येत होतं. मला.

आता खरं लिही. रागावणार नाही, म्हणजे आधीच रागावून झालं आहे.

भुंग्या


२० फेब्रुवारी

प्रिय भुंग्या,

तू ओळखलंस. बरं झालं आणि फार वाईट झालं.

फळी मी उघडली होती. टोकाचा सूर काढला, पुसला, तू सांगितलंस तसा ओठांत धरला आणि हवा ओढली. ओठाला गुदगुल्या झाल्या. त्या एवढ्याशा जिभेने ओठ नुसता झणझणून सोडला, आणि कानाला काही नाही. दुसरा काढला, तिसरा काढला. सातही जिवंत होते रे. मी चर्चमध्ये जमिनीवर बसले होते, मांडीवर ते सात पितळेचे तुकडे. पेटीवर आळ घेत वर्ष काढलं होतं. त्या दिवशी तोही आधार गेला. तरीसुद्धा तुला लिहिलं, "पेटी बरी झाली." तेवढं मात्र खरंच होतं.

दोन वर्षांपूर्वीचं ऐक. मी खोटं बोलले नव्हते. मोठी सर्दी होऊन तीन आठवडे दोन्ही कान गच्च बंद होते. पाळकसाहेबांनी आणि ज्येष्ठांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आत टप्पकन काहीतरी सुटलं आणि गाणाऱ्यांचा आवाज धो धो आत आला. मी रडले, नाचले म्हटलंस तरी चालेल, आणि उभं राहून सांगितलं की प्रभूने मला ऐकू दिलं. त्या दिवसाचं मी आजही एक अक्षर मागे घेत नाही. मग सहा महिन्यांनी आधी पाखरं गेली. मग पेटीचं टोक, मग बायकांची बोलणी. आता पुरुषांची भांडणं तेवढी थोडीफार कळतात.

तोवर माझी साक्ष माझी राहिली नव्हती. पाळकसाहेबांनी ती पाच मंडळ्यांत सांगितली. ते भले माणूस आहेत, त्यात त्यांचा काडीचा मोठेपणा नव्हता; त्यांना खरोखर आनंद झाला होता. आता मी काय सांगू? देवाने दिलं आणि काढून घेतलं? की दिलेलं माझ्या हातून सांडलं? लोक माझ्या कानाशी लागून कुजबुजत प्रार्थनेच्या विनंत्या सांगतात. मी मान डोलावते. घरी येऊन गुडघे टेकते आणि म्हणते, "प्रभू, ती निळ्या स्वेटरमधली आज जे बोलली, ते." यंत्र घ्यायचं म्हटलं तर ते कानात दिसणार. मान फलकावरच्या गीतांच्या क्रमांकांकडे, डोळा पाळकसाहेबांच्या ओठांकडे, पाय पेटीवर. रविवारी दोन तासांत इतकी दमते की दुपारी जेवायचं त्राण राहत नाही.

आणि तरी तुला एक सांगते, तुला पटो न पटो. पेटीवर बसले की मी त्याच्या पायाशी बसलेली असते. वरचे सूर गेले, पण खालचे पायांतून चढतात, नडग्यांतून, बाकातून. कुणाला ऐकवायला नाही, स्वतःला ऐकायलाही नाही, फक्त त्याच्यासाठी वाजवायचं, असं आयुष्यात आधी कधी जमलं नव्हतं. खोटेपणाच्या मध्यभागी बसून मी इतकी खरी भक्ती करते आहे, याचं काय करू ते सांग.

आणि काजबाई. तिची ती साक्षही मी तिच्या ओठांवरूनच वाचली होती. काल ती वाचनालयात आली तेव्हा दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. आठवड्यात दुसऱ्यांदा, तोच खांदा. हसली आणि, तिथे बोलायचं नसतं म्हणून, कागदावर लिहिलं, "सैतान धक्के देतो आहे, पण मी डगमगत नाही. तुमच्याकडे बघून चालते."  मी सांगितलं तर मंडळीतल्या कितीजणांचा विश्वास मोडेल. नाही सांगितलं तर हिचे डोळे जातील. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मार्चचा रविवार दहा-बारा दिवसांवर आला आहे. रोज उठते आणि वाटतं, आज ताप तरी यावा.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

तापाची वाट पाहू नकोस, तो वेळेवर कधी येत नाही.

तुला यंत्र बसवून घेऊ. इथे एक बाई आहेत, माझ्या गिऱ्हाइकाची बहीण, हेच काम करतात. पण ते नंतर. आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्वतः गेलो आणि सरळ विचारलं. ते म्हणाले, काचबिंदूत कडेचं दिसणं आधी जातं, माणसाला कळतही नाही, आणि जे गेलं ते परत येत नाही. थेंबांनी फक्त उरलेलं राहतं. चौकटीवर खांदा आपटतो म्हटल्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आजच सुरू करायला सांगा," म्हणाले.

मी पेटीत चूक काढत बसलो आणि तू तिथे एकटी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होतीस. माझं चुकलं. पण आता तुझं चुकतं आहे. तुझ्या मंडळीचा विश्वास तुझ्या दोन कानांवर टांगलेला असेल तर तो पडायलाच हवा. हे कडू वाटेल. मी देवळाची पायरी चढत नाही, मला हे बोलायचा हक्क नाही, तरी बोलतो. तुझा देव खोट्याला लोंबकळून उभा आहे असं तुला वाटतं का?

तू सांगणार नसशील तर मी येतो आणि भर सभेत उभा राहून सांगतो. मला तिथे कुणी ओळखत नाही, माझी अब्रू जायची नाही.

भुंग्या


६ मार्च

प्रिय भुंग्या,

तू आला नाहीस हे बरं केलंस. माझं मीच सांगितलं.

माणसांनी चर्च भरलं होतं. जादा बाकं टाकली होती, तरी लोक भिंतीला टेकून उभे. माझा आवाज किती मोठा निघतो ते मला कळत नाही, म्हणून चार ओळी कागदावर लिहून नेल्या होत्या. पाळकसाहेबांनी हात करून बोलावलं. मी वाचलं: "दोन वर्षांपूर्वी माझे कान उघडले. त्याबद्दल मी प्रभूचे आभार मानले आणि आजही मानते. आता ते पुन्हा जवळजवळ गेले आहेत. हे मी वर्षभर तुमच्यापासून लपवलं, ते पाप माझं आहे, त्याचं नाही. माझ्या कानांकडे बघून कुणी औषध सोडलं असेल तर त्यांनी आजच घ्यावं."

मला वाटलं होतं लोक चिडतील, उठून जातील. तसं काही झालं नाही. झालं ते त्याहून अवघड होतं. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, लोकांकडे वळून काहीतरी बोलले, आणि माणसं बाकांवरून उठून यायला लागली. दहा, वीस, किती ते दिसेना. सगळ्यांनी माझ्यावर हात ठेवले. डोक्यावर, खांद्यांवर, पाठीवर, आणि ज्यांना जागा मिळाली नाही त्यांनी पुढच्याच्या खांद्यावर. घामाचा आणि साबणाचा वास, माझ्या तोंडासमोर कुणाच्या तरी कोटाचं बटण, आणि सगळ्यांची तोंडं हलत होती. सगळे माझ्यासाठी मागत होते. मायेने मागत होते रे, त्यातला एकही हात खोटा नव्हता. आणि मी मध्ये. बाहेर पडायला एकच दार होतं: "ऐकू येतं" म्हणायचं.

हात बाजूला झाले. पाळकसाहेब माझ्या मागे गेले, बहुधा बोलले काहीतरी, आणि सगळे माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "नाही." पुन्हा हात आले. पुन्हा बाजूला झाले. "नाही." कुणी गुडघ्यांवर बसलं, एक म्हातारी हुंदके देत होती. तिसऱ्यांदा हात बाजूला झाले तेव्हा माझ्या जिभेवर "हो" येऊन बसलं होतं. एवढी माणसं, एवढी आशा. एका अक्षराने सगळ्यांचं भलं झालं असतं. तेवढ्यात मला काजबाई दिसली. अख्खी मान वळवून, एका डोळ्याने, माझ्या तोंडातून काय निघतं ते पाहत होती. मी म्हटलं, "नाही. काही ऐकू येत नाही. आणि तरी तो माझा प्रभू आहे. आता बसा, मी गीत वाजवते."

पेटीवर एक आरसा आहे, मागची मंडळी दिसावी म्हणून लावलेला. त्यात पाहायचा धीर झाला नाही. चारही कडवी वाजवली. कुणी गायलं की नाही, मला आजही माहीत नाही. मी मात्र गायले, माझ्या सगळ्या जिवानिशी गायले, बेसूरच गायले असणार. पेटी बंद केली आणि मागे वळले तेव्हा अर्धी बाकं रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांची चिठ्ठी आली. काही महिने विश्रांती घ्या, पेटीवर दुसरं कुणी बसेल. शब्द मऊ आहेत. त्यांना मी दुखवलं, याचं मला फार वाईट वाटतं.

पण ज्याच्यासाठी हे सगळं केलं तेच झालं नाही. काजबाईने बाहेर मला गाठलं आणि एक कागद हातात दिला. मोठाली अक्षरं, एक ओळ दुसरीवर चढलेली: "तुमचा विश्वास कमी पडला. माझा पडणार नाही." आणि गेली. जाताना फाटकाला आपटली.

ताई


१३ मार्च

ताई,

तुझं पत्र दुकानात उभ्या उभ्या वाचलं. गिऱ्हाईक समोर होतं, त्याला म्हटलं उद्या या.

तिसऱ्यांदा "नाही" म्हणालीस तिथून पत्र पुन्हा वरपासून वाचलं. आयुष्यभर तुझ्या भक्तीची टिंगल केली. या रविवारी केली नाही, एवढंच सांगतो.

यंत्राचं ठरवलं आहे. २८ तारखेला त्या बाईंकडे वेळ घेतली आहे. कान तपासणं, साचा घेणं, बसवून पाहणं, सगळं मिळून आठ-दहा दिवस तुला इथे राहावं लागेल. मधली खोली रिकामी केली आहे. पेटीही नाही, चर्चमध्ये कुणी वाट पाहत नाही, तर निमित्त सांगू नकोस. काजबाईसाठी तू केलंस ते पुष्कळ झालं. गळ्यात पडून कुणाचे डोळे वाचवता येत नाहीत.

२८ ला स्टँडवर घ्यायला येतो. गाडीची वेळ कळव.

भुंग्या


३० मार्च

प्रिय भुंग्या,

तू २८ ला दोन तास माझी वाट पाहिलीस आणि तार करावी तसं एक वाक्याचं कार्ड पाठवलंस, "दोन तास थांबलो, जिवंत आहेस का?" आहे. रागावू नकोस. मला निघता आलं नाही, आणि इतक्यात निघता येईल असं दिसतही नाही.

त्या रविवारनंतर मी रोज संध्याकाळी काजबाईच्या दाराशी जात होते. दार उघडत नव्हती. मी ठोठावायची, आतून ओरडली असेल तरी मला कुठे कळणार? बहिरीला हाकलून लावणं सोपं नसतं. पायरीवर बसून प्रार्थना करायची आणि परत यायची. शेजारचे मला वेडी समजायला लागले.

तेराव्या दिवशी दार उघडंच होतं. ती जमिनीवर बसलेली आणि समोर शर्टांचा ढीग. कारखान्यातून परत आले होते. प्रत्येक शर्टाचं सगळ्यात खालचं काज करायचं राहिलं होतं. खडूची खूण होती, तिला ती दिसलीच नव्हती. एकाही शर्टावर नाही. अठ्ठावीस वर्षं ती हे काम करते आहे. तिने एक शर्ट उचलून माझ्या पुढे धरला, त्या खुणेवर माझं बोट ठेवलं आणि रडायला लागली. मी तिच्याजवळ बसले. शहाणपणाचं मी काही बोलले नाही. मलाही रडू आलं, आणि माझं रडणं मला ऐकू येत नाही, त्यामुळे ते आवरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. मला ऐकू येत नाही आणि तिला नीट दिसत नाही, अशी आमची वरात. ते बोलले ते तिने ऐकलं, त्यांनी लिहिलं ते मी वाचलं. उजव्या डोळ्याचं बरंच गेलं. डावा अजून राखता येईल, पण सकाळी सात आणि संध्याकाळी सात, एकही वेळ चुकता कामा नये.

घरी येऊन तिने पुन्हा मान हलवली. नाही. थेंब घातले म्हणजे प्रभूला म्हणायचं, तुझ्यावर भरवसा नाही. मी म्हटलं, "तू प्रार्थना करताना मान वर करतेस ना? कर. डोळे मिटायच्या आधी एक क्षण थांब, एवढंच."  तिने कागदावर लिहिलं, "घाला. पण औषध म्हणून नाही. आणि फक्त तुमच्या हातून. दुसऱ्या कुणाला मी शिवू देणार नाही."

पाळकसाहेबांच्या पत्नी करायला तयार होत्या. शेजारीण तयार होती. नाही म्हणाली. तर भुंग्या, आता मी सकाळी सात आणि संध्याकाळी सात यांच्यामध्ये बांधलेली आहे. तुझ्या गावी आठ-दहा दिवस म्हणजे वीस वेळा थेंब चुकणार. माझं यंत्र राहू दे. आधी वाटायचं, एका खोट्यात अडकले आहे. आता मी खऱ्यातच अडकले आहे, आणि त्यातून सुटायची वाट मी शोधतही नाही. तुला हे पटणार नाही. मलाही रोज सकाळी साडेसहाला उठताना पटत नाही.

आज सकाळचं सांगून थांबते. ती खुर्चीत बसली, मान मागे टाकली. मी डाव्या डोळ्यात थेंब टाकला, मग उजव्यात. तिने डोळे मिटले आणि ओठ हलायला लागले. रोज हलतात, मी बाटली हातात धरून ते थांबायची वाट पाहते. ती काय मागते मला कळत नाही, मी विचारतही नाही. तिचे डोळेच मागत असणार. पण आज तिने मिटल्या डोळ्यांनी दोन्ही हात वर केले, हवेत चाचपडले, माझा चेहरा सापडला, आणि दोन्ही तळवे माझ्या दोन्ही कानांवर ठेवले. थेंब तिच्या गालांवरून ओघळत होते. त्या रविवारनंतर मी ठरवलं होतं, पुन्हा कुणाला माझ्या कानांसाठी मागू द्यायचं नाही.

तिचे ओठ थांबले तेव्हा मी आमेन म्हटलं. मनापासून म्हटलं.

तुझी
ताई